मटकी, विरजण आणि मंगळावरची माती : सजीव-निर्जीव कसं शिकवावं?

२००९ साली रॉबर्ट गोल्डबर्ग आणि शॅरन थॉम्पसन-शिल या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर एकेक नाव झळकायचं आणि ते सजीवाचं की निर्जीवाचं हे समोरच्याने शक्य तितक्या लवकर सांगायचं. उत्तर देणाऱ्यांत विद्यापीठात जीवशास्त्र शिकवणारे प्राध्यापकही होते. प्राण्याचं नाव आलं की त्यांचं उत्तर झटकन यायचं. झाडाचं नाव आलं की तेच प्राध्यापक किंचित रेंगाळायचे. फरक सेकंदाच्या लहानशा अंशाचा, पण मोजता येण्याजोगा. ज्यांचा सगळा व्यवसायच जीवशास्त्र शिकवण्याचा, त्यांच्याही मनातून ‘हलतं ते जिवंत’ हा लहानपणचा नियम पुरता गेलेला नव्हता.

आपल्या शाळांत मात्र हा विषय सहावीच्या एका पाठात ‘होऊन जातो’. यादी साधारण ठरलेली असते : वाढ, श्वसन, उत्सर्जन, चेतनाक्षमता आणि हालचाल, प्रजनन, निश्चित आयुर्मान, पेशीमय रचना. मुलं ती पाठ करतात, दोन रकान्यांत फरक लिहितात, गुण मिळवतात. त्याच मुलांना डब्यातली मटकी जिवंत आहे का असं विचारलं, तर वर्गात दोन तट पडतात आणि दोन्हीकडच्यांना आपलं म्हणणं कशाच्या आधारावर मांडायचं ते उमगत नाही. माझं म्हणणं असं की, हा पाठ व्याख्येचा नाही, पुराव्याचा आहे. समोरची वस्तू जिवंत आहे की नाही हे तपासायचं कसं, हे सहावी ते आठवीच्या मुलांना शिकवता येतं. त्यासाठी लागणारं साहित्य स्वयंपाकघरात असतं आणि त्यामागचं संशोधनही जवळजवळ शंभर वर्षांचं आहे.

सुरुवात अर्थातच मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेपासून. मुलांच्या मनातल्या जगाविषयीचं त्याचं पुस्तक १९२६ साली फ्रेंचमध्ये आलं. जिनिव्हातल्या मुलांना तो विचारायचा : सूर्य जिवंत आहे का? वारा? सायकल? उत्तरांवरून त्याने चार टप्पे मांडले. आधी जे काही उपयोगी पडतं किंवा काम करतं ते सगळं जिवंत. मग जे हलतं ते. मग जे आपलं आपण हलतं ते, म्हणजे सायकल गळते पण नदी आणि सूर्य राहतात. आणि अकरा-बाराव्या वर्षाच्या सुमारास फक्त प्राणी, किंवा प्राणी आणि वनस्पती. आपल्याकडची सहावीची मुलं नेमकी तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्याच्या सीमेवर असतात.

पियाजेच्या मांडणीला पुढे बरेच धक्के बसले. सूर्य आणि वारा या मोठ्यांनाही गूढ वाटणाऱ्या गोष्टींबद्दल विचारलं तर मुलं गोंधळणारच, हा त्यांतला महत्त्वाचा आक्षेप. क्रिस्टिन मॅसी आणि रोशेल गेलमन यांनी १९८८ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांना अनोळखी प्राण्यांचे, पुतळ्यांचे आणि चाकांच्या वस्तूंचे फोटो दाखवले आणि यांतलं कोण आपलं आपण टेकडी चढेल असं विचारलं. प्राण्यासारखा दिसणारा पुतळा चढणार नाही, हे बहुतेक मुलांना कळत होतं. म्हणजे भेद करण्याची क्षमता फार लवकर येते. सुझन कॅरी यांनी १९८५ च्या आपल्या पुस्तकात वेगळा मुद्दा मांडला : लहान मूल प्राण्यांचा विचार माणसावरून करतं, आणि शरीरातल्या क्रिया म्हणून जीवन समजायला दहाव्या वर्षाच्या आसपास सुरुवात होते. जपानमधल्या कायोको इनागाकी आणि गियू हातानो यांना हे पूर्ण पटलं नाही. त्यांच्या अभ्यासात पाच-सहा वर्षांची मुलंही अन्नातून, पाण्यातून काहीतरी बळ मिळतं आणि त्यावर शरीर चालतं असा विचार करताना दिसली. आणि या धाग्याने पाहिलं की रोपटंही त्यांना प्राण्यांच्या बाजूला ठेवता येत होतं.

या सगळ्या वादातून शिक्षकाच्या हाती लागणारी गोष्ट माझ्या मते अशी : मुलाला हालचालीबद्दल विचारलं तर झाड निर्जीवांत जाऊन पडतं, वाढ, अन्न आणि पाणी यांबद्दल विचारलं तर तेच मूल झाडाला सजीवांत आणतं. आपले पाठ मात्र पळणारा कुत्रा आणि जागचा न हलणारा दगड यांच्या चित्रांनी सुरू होतात. शिक्षण सुरू होण्याआधीच चुकीच्या लक्षणाकडे बोट दाखवलेलं असतं.

इस्राएलमध्ये १९८१ साली पिंचस तामिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८ ते १४ वयाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. प्राणी ओळखण्यात मुलांना फारशी अडचण आली नाही. खरी अडचण बी आणि अंडं यांच्यापाशी आली. हे अगदी साहजिक आहे. बी हलत नाही, वाढत नाही, पाणी मागत नाही. यादीतली लक्षणं घेऊन बसलं तर कोरडी मटकी जवळपास प्रत्येक प्रश्नात नापास होते. आणि तरीही रात्रभर भिजवून फडक्यात बांधली की तिला मोड येतात.

मटकीच्या या एका उदाहरणावर मी वर्गातले तीन-चार तास आनंदाने घालवायला सांगेन. चार वाट्या घ्या. एकीत अख्खी मटकी, दुसरीत मटकीची डाळ, तिसरीत कढईत खरपूस भाजलेली मटकी, चौथीत उकडलेली. सगळ्यांना सारखं पाणी, सारखं फडकं, सारखी जागा. आधी मुलांकडून अंदाज लिहून घ्या, कारणासकट. पहिल्या वाटीत मोड येतील हे सगळेच सांगतात. डाळीबद्दल मतं फुटतात, कारण डाळही ‘मटकीच’ असते. डाळ भरडताना दोन दलांमधला इवलासा अंकुर निखळतो किंवा मोडतो. उरतो तो फक्त त्याचा शिधा. भाजलेल्या मटकीत अंकुर जागेवर असतो, पण उष्णतेने त्याच्यातली यंत्रणा मोडलेली असते. हरभरा आणि फुटाणा यांच्यातही फरक हाच. म्हणजे सगळे भाग असले तरी पुरेसं नाही, ते चालू होण्याच्या स्थितीत असावे लागतात, हे सहावीच्या मुलाला स्वतःच्या वाटीत दिसतं.

इथेच आणखी एक गोष्ट सुटी करून दाखवावी लागते. भाजलेली मटकी आणि खडा, दोन्ही ‘निर्जीव’ असं लिहून टाकलं की फार मोठा फरक पुसला जातो. एक कधीकाळी जिवंत होती, दुसरा कधीच नव्हता. लाकडी बाक, सुती शर्ट, चामड्याची चप्पल, वहीचा कागद, दगडी कोळसा हे सगळं पहिल्या गटातलं. दोन रकान्यांच्या जागी तीन ढीग करायला सांगितलं की मुलं एकदम हुशार प्रश्न विचारू लागतात. केस कुठल्या ढिगात? वाढतात, पण कापले तर दुखत नाही. (केसाचा बाहेर दिसणारा भाग मृत पेशींचा असतो, जिवंत पेशी मुळाशी, त्वचेच्या आत.) टोपलीतला बटाटा कुठे? तो तर जिवंत आहे, म्हणून त्याचे डोळे फुटतात. नाशिककडच्या शेतकऱ्यांच्या मुलांना हे वेगळं शिकवावं लागू नये. कांदाचाळीत खालून आणि बाजूंनी हवा खेळती ठेवतात ती याचसाठी : साठवलेला कांदा श्वसन करत राहतो, त्यातून उष्णता आणि ओल निर्माण होते, आणि ती बाहेर गेली नाही तर कांदा सडतो. घरातल्या माणसांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, पण ‘श्वसन’ या पाठाशी ते कोणी जोडून देत नाही.

श्वसन ही तर या यादीतली सर्वांत जास्त चुकीची शिकवली जाणारी बाब आहे. झाडं दिवसा कार्बन डायऑक्साइड ‘श्वासात घेतात’ आणि रात्री ऑक्सिजन, असं अनेक मुलं दहावीपर्यंत धरून चालतात. प्रत्यक्षात झाड रात्रंदिवस ऑक्सिजन वापरतं, आपल्यासारखंच; उजेडात त्याच्या जोडीला प्रकाशसंश्लेषण चालतं आणि ते जोरात असल्यामुळे श्वसन झाकलं जातं. मोड आलेली मटकी इथे पुन्हा उपयोगी पडते, कारण तिच्यात अजून हिरवेपणा नसतो. दोन थर्मास घ्या, एकात मोड आलेलं कडधान्य, दुसऱ्यात तितकंच उकडून थंड केलेलं. तोंडाला कापसाचा बोळा आणि त्यातून आत गेलेला तापमापक. दुसऱ्या दिवशी पहिल्या थर्मासचा पारा वर गेलेला दिसतो. ना नाक, ना फुप्फुस, तरी ऊब. दोन-तीन दिवसांनी उकडलेल्या कडधान्याचा थर्मासही गरम होऊ लागला तर प्रयोग फसला असं समजू नका. तिथे आता जिवाणू आणि बुरशी जगू लागलेली असते, आणि ती ऊब त्यांची असते. मुलांनी हे स्वतः शोधून काढलं तर त्या वर्गाने ‘जीव आपोआप उपजतात की बाहेरून येतात’ या पाश्चरच्या प्रश्नाला हात घातला म्हणायचं.

यादीतली इतर लक्षणंही एकेक करून ताणून पाहायला हवीत. प्रजनन? खेचराला पिल्लं होत नाहीत आणि मधमाश्यांच्या पोळ्यातल्या कामकरी माश्याही सहसा प्रजनन करत नाहीत. त्यांना कोणी निर्जीव म्हणत नाही. निश्चित आयुर्मान? डॅनियल मार्टिनेझ यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार वर्षं सांभाळलेल्या हायड्रांमध्ये म्हातारपणाची खूण दिसली नाही. उलट बाजूने पाहिलं तर मिठाचे स्फटिक वाढतात, नदी वाहते, आणि आग तर जवळजवळ सगळ्या कसोट्यांना उतरते : ती इंधन खाते, ऑक्सिजन वापरते, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ बाहेर टाकते, वाढते, पसरते, एकीपासून दुसरी पेटते, विझते.

आगीचं हे उदाहरण बहुतेक शिक्षक टाळतात, कारण त्याने फळ्यावरची यादी कोसळते. ते टाळू नये. एखादी मुलगी उठून ‘मग ज्योत सजीव का नाही?’ असं विचारते तेव्हा पाठाला खरी सुरुवात होते. उत्तर शोधताना मुलांना आणखी खोल जावं लागतं. चुलीतल्या जाळावरून मेणबत्ती पेटवली तर मिळते ती मेणबत्तीची ज्योत. तिचा रंग, उंची, धूर हे सगळं मेण आणि वात ठरवतात, आधीच्या जाळाचं तिच्यात काही उतरत नाही. ज्वारीचा दाणा मात्र काळ्या जमिनीत पेरा की तांबड्या, उगवते ती ज्वारीच. दाण्याच्या आत काहीतरी लिहिलेलं आहे आणि ते पुढच्या दाण्यात उतरवलं जातं. शिवाय ज्योतीला बाहेरच्या जगापासून आतलं जग वेगळं ठेवणारी सीमा नाही. पेशीला पटल असतं, त्यातून काय आत घ्यायचं आणि काय बाहेर टाकायचं हे ठरतं. सातवीत पेशीची ओळख होते तेव्हा हा धागा परत उचलावा. यादीतली सात लक्षणं सात सुटी कलमं राहत नाहीत. पेशीत चालणारी रासायनिक उलाढाल आणि वारशाने येणारी माहिती यांच्या भोवती ती गोळा होतात. यादी शिकवूच नये असं मी म्हणत नाही. ती पाठाच्या शेवटी, मुलांच्या वादातून तयार झालेली असावी.

महाराष्ट्रातल्या वर्गात या विषयाला आणखी एक पदर आहे आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. मुलं रिकाम्या मनाने येत नाहीत. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावू नकोस, ती झोपलेली असतात, हे आजीकडून ऐकलेलं असतं. नदी ही आई असते. सांगली-कोल्हापूर भागात जैन शेतकऱ्यांची मोठी वस्ती आहे. तिथल्या मुलाने घरी पृथ्वीकाय, अप्काय म्हणजे माती आणि पाणी हेच ज्यांचं शरीर अशा जीवांबद्दल ऐकलेलं असतं आणि पाण्यालाच जीव आहे असं ते वर्गात मोकळेपणाने सांगू शकतं. अशा वेळी हसणं किंवा ‘चूक’ म्हणून गप्प बसवणं हा शिक्षकाच्या हातून होणारा अन्याय आहे. पाण्याशी, झाडाशी कसं वागावं याचा विचार त्या शिकवणीत आहे. विज्ञानाचा प्रश्न वेगळा आहे : या थेंबात पेशी आहेत का, त्या अन्न वापरतात का, वाढतात का. दोन प्रश्न शेजारी ठेवून दोन्हींची नीट ओळख करून देता येते. हातानो आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये इस्राएल, जपान आणि अमेरिका अशा तीन देशांतल्या मुलांची तुलना केली तेव्हा इस्राएलमधली मुलं वनस्पतींना सजीव म्हणायला इतरांपेक्षा कचरत होती, तर जपानी मुलं निर्जीव वस्तूंनाही जीव देण्याकडे अधिक झुकत होती. भोवतालचा समाज या प्रश्नाला रंग देतो, आपल्याकडेही देणारच.

भोवतालचा अनुभवही या प्रश्नाला रंग देतो. इनागाकींच्या एका प्रसिद्ध अभ्यासात घरी सोनमासा पाळणारी बालवाडीची मुलं बेडकाबद्दलच्या प्रश्नांनाही अधिक समंजस उत्तरं देत होती. माशावरून त्यांना बेडकाचा अंदाज बांधता येत होता. नॉर्बर्ट रॉस, डग्लस मेडिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अमेरिकेतली शहरी मुलं, ग्रामीण मुलं आणि मेनॉमिनी या आदिवासी समाजातली मुलं यांची तुलना केली. सगळं काही माणसावरून मोजण्याची सवय शहरी लहानग्यांत ठळक होती. मेनॉमिनी मुलं प्राणी-वनस्पतींमधल्या परस्परसंबंधांवरून विचार करत होती. आपल्या खेड्यांतल्या मुलांकडे शेळ्या, कोंबड्या, परसातल्या वेली हे सगळं आहे. खुडुक कोंबडीखाली कोणती अंडी ठेवायची आणि कोणती बाजारात द्यायची, हे ज्या मुलीला माहीत आहे, तिला अंड्याचा प्रश्न शहरी पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त कळतो. (दुकानातली अंडी बहुधा कोंबडा नसलेल्या पोल्ट्रीतली, म्हणजे अफलित असतात, त्यांतून पिल्लू येणं शक्य नसतं.) तिला फळ्यापाशी बोलवा आणि तिच्याकडून पाठ घ्या.

जगदीशचंद्र बोस यांच्याबद्दलही एक दुरुस्ती इथे करावीशी वाटते. ‘वनस्पतींना जीव असतो हे बोस यांनी सिद्ध केलं’ असं वाक्य शाळांत सर्रास ऐकू येतं. वनस्पती सजीव आहेत हे त्यांच्या आधी जीवशास्त्रज्ञांना माहीत होतं आणि शेतकऱ्यांना तर हजारो वर्षं. बोस यांचं काम याहून कितीतरी धाडसी होतं. लाजाळूच काय, साध्या भाजीपाल्याच्या वनस्पतीही डिवचल्या की विद्युत प्रतिसाद देतात हे त्यांनी स्वतः बनवलेल्या नाजूक उपकरणांनी मोजून दाखवलं. आणि १० मे १९०१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी जे मांडलं त्यात धातूही होते : वारंवार उत्तेजना दिली की कथिलाचा प्रतिसाद थकल्यासारखा मंदावतो, विश्रांतीनंतर परत येतो, काही रसायनांनी मरतो. पुढच्या वर्षी आलेल्या त्यांच्या ग्रंथाचं नावच सजीव आणि निर्जीव यांच्यातल्या प्रतिसादाबद्दल होतं. ज्या माणसाने ही सीमारेषा पुसट असल्याचं जगाला सांगितलं, त्याचं नाव आपण ती रेषा ठाम करण्यासाठी वापरतो. आठवीच्या मुलांना ही खरी गोष्ट सांगावी. प्रतिसाद हे एकटं लक्षण सजीवतेचा पुरावा म्हणून का पुरत नाही, हे त्यातून आपोआप पुढे येतं.

आता विरजण. कोमट दुधात चमचाभर दही घातलं की सकाळी दही लागतं. लिंबू पिळलं तरी दूध फाटतं. दोन्हींत दूध बदललं, मग एकात सजीव काम करतो आणि दुसऱ्यात नाही, हे कसं सांगणार? साखळी लावा. आजच्या दह्यातला चमचा उद्याच्या दुधात, त्यातला परवाच्या दुधात. दुसरीकडे लिंबाने फाटलेल्या दुधातला चमचा ताज्या दुधात, त्यातला पुढच्यात. शेजारी एक वाटी नुसत्या उकळून निवलेल्या दुधाची आणि एक उकळलेल्या दह्याचं विरजण लावलेली. लिंबाचं आम्ल दर पायरीला विरळ होत जातं आणि त्याचा परिणाम संपतो. विरजण मात्र कितव्याही वाटीत तितक्याच जोमाने लागतं, कारण त्यातले जिवाणू वाढतात आणि त्यांची संख्या भरून निघते.

हाच युक्तिवाद १८९८ साली हॉलंडमध्ये मार्टिनस बायेरिंक याने केला होता. तंबाखूच्या रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला तरी निरोगी झाडाला रोग व्हायचा; त्या झाडाचा रस पुढच्या झाडाला, त्याचा त्याच्या पुढच्याला, तरी रोगाचा जोर ओसरत नव्हता. साधं विष असतं तर विरळ झालं असतं. म्हणजे रसातली ती गोष्ट झाडात वाढत होती. तिलाच आपण पुढे विषाणू म्हणू लागलो. १९३५ साली वेंडेल स्टॅन्ली यांनी तोच विषाणू मिठासारखा स्फटिकरूपात वेगळा केला आणि जग चक्रावलं, कारण स्फटिक बाटलीत पडून राहायचा आणि पानावर चोळला की पुन्हा रोग पसरवायचा. कोरोनाच्या साथीत वाढलेली मुलं आज माध्यमिक वर्गांत आहेत आणि विषाणू सजीव की निर्जीव हे ती विचारतातच. शास्त्रज्ञांमध्ये यावर एकमत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगावं. विषाणूला पेशी नाही, स्वतःची रासायनिक उलाढाल नाही. पण वारशाची माहिती आहे आणि यजमान पेशीत तो वाढतो, बदलतो. एकमत नसण्याची कारणं सांगता येणं हेच उत्तर, आणि त्याला पूर्ण गुण मिळायला हवेत.

पण माझ्या मते या वयाच्या मुलांसाठी सर्वांत मोलाची गोष्ट मंगळावरची आहे. २० जुलै १९७६ रोजी वायकिंग-१ हे यान मंगळावर उतरलं, सप्टेंबरमध्ये वायकिंग-२. तिथल्या मातीत सूक्ष्मजीव आहेत का, हे तपासणारी उपकरणं दोघांतही होती. गिल्बर्ट लेव्हिन यांच्या प्रयोगात मातीवर किरणोत्सारी कार्बन असलेल्या पोषक द्रावाचे थेंब टाकले आणि त्यातून किरणोत्सारी वायू बाहेर येतो का हे पाहिलं. वायू आला. मग तीच माती १६० अंश सेल्सिअसला तीन तास तापवून पुन्हा तपासली, तेव्हा आला नाही. हे अगदी जिवंत मातीसारखं वागणं. पण ताज्या मातीवर द्रावाचा दुसरा हप्ता टाकल्यावर वायूची नवी लाट आली नाही, आणि दुसऱ्या उपकरणाला मातीत सेंद्रिय पदार्थ सापडले नाहीत. बहुतेक शास्त्रज्ञांनी ही मातीतल्या तीव्र रसायनांची करामत मानली. २००८ साली फिनिक्स यानाला मंगळावर परक्लोरेटं ही अशीच रसायनं सापडल्यावर ते मत आणखी बळावलं. लेव्हिन २०२१ साली वारले, तोवर आपल्याला जीवसृष्टी सापडली होती या म्हणण्यावर ठाम राहिले.

हा अख्खा वाद शाळेच्या बाकावर मांडता येतो. तीन बरण्यांत धुऊन वाळवलेली वाळू. एकीत काही मिसळायचं नाही, दुसरीत ईनो, तिसरीत बेकरीवाल्यांकडे मिळणारं कोरडं यीस्ट. कोणत्या बरणीत काय, हे मुलांना सांगायचं नाही. तिन्हींत साखर घातलेलं कोमट पाणी ओता. ईनोची बरणी लगेच फसफसते आणि सगळा वर्ग ‘ही जिवंत!’ म्हणून ओरडतो. यीस्टची बरणी सुरुवातीला गप्प असते. दहा-पंधरा मिनिटांनी बुडबुडे दिसू लागतात आणि मग थांबत नाहीत. तासाभराने दोन्हींत आणखी साखरपाणी घाला. ईनो आता संपलेलं असतं, यीस्ट पुन्हा फसफसतं. उकळून निवलेल्या यीस्टची चौथी बरणी ठेवली तर ती गप्पच राहते. लेव्हिन यांचा दुसरा हप्ता आणि १६० अंशांची भट्टी, दोन्ही मुलांच्या हातून झाली. आधी ओरडलेली मुलं आपलं मत का बदललं हे सांगू लागतात, तेव्हा ती शास्त्रज्ञांसारखाच विचार करत असतात.

व्याख्येचं काय? १९९४ मध्ये नासाच्या एका गटाने जीवन म्हणजे स्वतःला टिकवून धरणारी आणि डार्विनच्या अर्थाने उत्क्रांत होऊ शकणारी रासायनिक व्यवस्था, अशी व्याख्या केली. ती बरीच वापरली जाते. २००२ साली कॅरल क्लीलँड आणि क्रिस्टोफर चायबा यांनी लक्षात आणून दिलं की रेणूंचा सिद्धान्त येण्याआधी पाण्याची पक्की व्याख्या कोणालाच करता आली नसती, आणि जीवनाबद्दल आपण आज त्याच अवस्थेत आहोत. शास्त्रज्ञ जिथे थांबले तिथे बारा वर्षांच्या मुलाकडून एका वाक्याची व्याख्या घोकून घेण्यात काय हशील?

नवं आव्हान यंत्रांचं आहे. शेरी टर्कल यांनी १९८४ च्या पुस्तकात नोंदवलं की संगणकी खेळण्यांशी खेळणारी मुलं ती जिवंत आहेत का हे ठरवताना हालचालीबद्दल बोलत नव्हती. ते खेळणं विचार करतं का, फसवतं का, यावर वाद घालत होती. आज घरातला स्पीकर नावाने हाक मारली की उत्तर देतो, मोबाइलमधला मदतनीस निबंध लिहून देतो. मुलांनी बोलण्यावरून जीव ओळखायला सुरुवात केली तर मूक मटकी पुन्हा हरणार. म्हणून हा प्रश्न वर्गात उघडपणे घ्यावा : हे यंत्र वाढतं का, स्वतःला दुरुस्त करतं का, त्याच्या आत पेशी आहेत का, वीज गेली तर काय होतं, आणि बीमधला ‘बंद’पणा व यंत्राचा ‘बंद’पणा यांत फरक काय?

यातलं काहीच आपल्याकडे अशक्य नाही. मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने सहावी ते आठवीचं विज्ञान सरकारी शाळांत प्रयोगांतून शिकवून दाखवलं. तीस वर्षं चाललेला तो कार्यक्रम २००२ साली सरकारने बंद केला, हा आपल्या शिक्षणाचा मोठा तोटा. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, पुण्यातून ‘शैक्षणिक संदर्भ’ हे नियतकालिक मराठीत निघालं, मनु प्रकाश यांचा घडीच्या कागदाचा फोल्डस्कोप हा सूक्ष्मदर्शक आता अनेक शाळांत पोचला आहे आणि डबक्याच्या थेंबातले जीव तो सहज दाखवतो. एनसीईआरटीच्या सहावीच्या नव्या पुस्तकातही बी रुजवण्याचा प्रयोग आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२३ ने सहावी ते आठवी हा स्वतंत्र टप्पा मानून शोधक विज्ञानाचा आग्रह धरला आहे. अडतं ते परीक्षेपाशी. ‘सजीव व निर्जीव यांतील फरक लिहा’ हा प्रश्न आहे तोवर शिक्षक मटकीवर चार तास घालवणार नाही, आणि त्यासाठी त्याला दोष देता येणार नाही.

म्हणून प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना आणि मुख्याध्यापकांना विनंती आहे. येत्या घटक चाचणीत तो प्रश्न काढा आणि त्याच्या जागी हा घाला : ‘तुम्हाला एका डबीत करड्या रंगाचे बारीक दाणे मिळाले. ते सजीव आहेत की नाहीत हे ठरवण्यासाठी तुम्ही काय कराल, आणि काय दिसलं तर तुमचं मत बदलाल?’ त्याला चार गुण ठेवा आणि त्यांतले तीन तपासणीच्या पद्धतीला द्या.